कमर्शियल अंडररायटिंगमध्ये सुरुवात कुठून करावी? सांगलीतल्या एका तरुणाला सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय चोवीस, सांगलीतून बी.कॉम. झालंय. विश्रामबागेतल्या एका ब्रोकरच्या ऑफिसात चौदा महिने झाले आणि काम बहुतेक मोटर आणि हेल्थच्या रिन्युअलचं. कारखाने, गोडाऊन, कोल्ड स्टोरेज यांच्या पॉलिसी जिथं ठरतात त्या टेबलावर, म्हणजे जोखीम घ्यायची की नाही आणि कुठल्या दरानं हे ठरवणाऱ्या कमर्शियल अंडररायटिंगला, तुम्हाला बसायचं आहे. त्यासाठी एमबीए लागेल का, कुठली परीक्षा द्यावी, पुण्या-मुंबईला गेल्याशिवाय जमेल का, आणि हे काम पुढं कॉम्प्युटरच करणार असेल तर वडील म्हणतात तसं बँकेच्या परीक्षांना बसावं का, असं तुम्ही विचारलंय.

मी या कामात एकोणतीस वर्षं आहे. पहिली दहा सांगलीच्याच शाखेत गेली, नंतर पुणे आणि मुंबई, मुख्यतः फायर आणि इंजिनिअरिंगच्या फायली. त्यामुळं तुम्ही ज्या रस्त्यांवरून रोज ऑफिसला जाता, त्याच रस्त्यांवरची उदाहरणं देऊन लिहितो.

तुम्ही विचारलंय सर्टिफिकेटबद्दल, पण माझ्या समजुतीप्रमाणं अडचण दुसरीच आहे. आपल्या धंद्यात अंडररायटरला ‘पॉवर’ असते, म्हणजे अमुक रकमेपर्यंतची जोखीम स्वतःच्या सहीनं घ्यायचा अधिकार. तो अधिकार परीक्षेनं मिळत नाही. तुमच्या वरच्या माणसाला विश्वास वाटावा लागतो की हा फाईल वाचतो, जागा बघतो, आणि हो किंवा नाही म्हणताना कारण लिहून ठेवतो. आता पॉवर नाही तोवर फाईल येत नाही आणि फाईल येत नाही तोवर शिकता येत नाही. या कोंडीतून बाहेर कसं पडायचं, हा तुमचा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर सांगलीत बसून बऱ्यापैकी मिळतं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मला इथून ठरवता येणार नाहीत. घरावर कर्ज किती, दोन-तीन वर्षं बाहेरगावी कमी पगारात काढता येतील का, इंग्रजीत एक पानभर नीट टिपण लिहायची सवय आहे का, रोज चार माणसांना नकार कळवून रात्री शांत झोप लागेल का. सेल्समध्ये इन्सेंटिव्ह मिळतो, अंडररायटिंगला तो बहुतेक ठिकाणी नसतो, म्हणजे सुरुवातीची एक-दोन वर्षं हातात येणारे पैसे कमी होऊ शकतात. हे सगळं घरी बसून आधी बोला.

आता कामाबद्दल. अंडररायटर हा शब्द लंडनचा आहे. सतराव्या शतकाच्या शेवटी एडवर्ड लॉइडच्या कॉफीहाऊसमध्ये जहाजांचे विमे ठरायचे. जहाजाचा आणि प्रवासाचा तपशील कागदावर लिहिलेला असे, आणि ज्याला त्यातला जेवढा वाटा उचलायचा तो त्याखाली आपलं नाव लिहायचा. खाली नाव लिहिणारा म्हणून अंडररायटर. जोखीम बघून तिच्याखाली सही करायची, हे मूळ काम आजही तेवढंच आहे.

ती सही किती जड असते हे एका हिशोबानं बघा. समजा दोन कोटींच्या गोडाऊनला दर हजारी दीड रुपया लावला. प्रीमियम झाला तीस हजार. ते गोडाऊन पूर्ण जळालं तर ती भरपाई करायला तसल्याच ६६७ गोडाऊनांचा वर्षभराचा प्रीमियम लागतो, तोही ऑफिसचा खर्च, कमिशन, रीइन्शुरन्स (विमा कंपनीनं स्वतःसाठी घेतलेला विमा) काहीही वजा न करता. म्हणून एक चुकीची सही साडेसहाशे चांगल्या पॉलिसी खाते. सेल्सवाल्यांना तीस हजार दिसतात, आपल्याला ६६७ दिसायला हवेत.

मी लागलो तेव्हा फायरचा दर आम्ही ठरवत नव्हतो. टॅरिफचं, म्हणजे आधीच ठरवून दिलेल्या दरांचं पुस्तक होतं. धंदा कुठला, बांधकाम कसं, ते बघायचं, पान उघडायचं, दर लिहायचा. १ जानेवारी २००७ पासून फायर आणि इंजिनिअरिंगचे दर खुले झाले, आणि मी पुण्याला बदलून गेलो ते नेमकं तेव्हाच. पुस्तक वाचण्यात हुशार असलेली बरीच मंडळी त्या वर्षी गोंधळली, कारण आता विचारायला पान नव्हतं. ज्यांनी गोडाऊनं पायानं हिंडून बघितली होती, क्लेमच्या जागी नुकसान मोजायला आलेल्या सर्व्हेअरबरोबर उभं राहून राख उपसली होती, त्यांना दराचा अंदाज येत होता. नुकसान का होतं हे आधी शिका, दर किती लावायचा हे नंतर, असं मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो ते याच अनुभवामुळं.

आणि नुकसान का होतं हे शिकायला सांगलीइतकी चांगली जागा मला दुसरी दिसलेली नाही. हरिपूरची पेवं घ्या. संगमाजवळच्या त्या मातीत खोल खड्डे करून त्यात हळद साठवायचे आणि ती वर्षानुवर्षं टिकायची. अंडररायटरच्या नजरेनं पेव बघा: आग लागत नाही, चोराला सहज उपसता येत नाही, कीड लागत नाही. फक्त आगीचा आणि चोरीचा विचार केला तर याहून उत्तम जोखीम नाही. २००५ च्या महापुरात कृष्णेचं पाणी त्या पेवांत शिरलं आणि पिढ्यान्पिढ्या चालत आलेली ती साठवण जवळजवळ संपली. जागा तीच, माल तोच, वापरही तोच. चांगली जोखीम की वाईट, असं मोघम विचारून उत्तर मिळत नाही. कशासाठी चांगली आणि कशासाठी वाईट, हे विचारावं लागतं.

२००६ च्या उन्हाळ्यातली एक फाईल अजून डोळ्यांसमोर आहे. हळदीचा एक अडत्या, गोडाऊन गावभागाच्या बाजूला, नवीन प्रपोजल, म्हणजे विम्याचा अर्ज. फॉर्मवर ‘मागील तीन वर्षांत नुकसान’ या रकान्यात स्वच्छ ‘नाही’ लिहिलेलं. मी दुपारी जागा बघायला गेलो. आत नुकतीच पांढरी सफेदी केलेली, पोती छताला टेकतील अशी थप्पी, विजेचं वायरिंग नवं, दारात दोन फायर एक्स्टिंग्विशर, दोन्ही त्याच वर्षी भरलेले. मला जागा आवडली. बाहेर पडताना मालकानं शटर खाली ओढलं आणि मी थांबलो. शटरच्या पत्र्यावर माझ्या छातीइतक्या उंचीवर गंजाची एक सरळ रेघ होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. वर पत्रा करडा, खाली तपकिरी. भिंतीला रंग दिला होता, शटरला नव्हता.

मी विचारलं, तर मालक अगदी सहज म्हणाले, ‘होय, गेल्या वर्षी पाणी आलं होतं की. पण माल आम्ही दोन दिवस आधीच काढला होता. एक पोतं भिजलं नाही. म्हणून तर फॉर्मवर नाही लिहिलं.’ त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं. फॉर्मनं नुकसान विचारलं होतं, पाणी विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून मी फॉर्मवरचं उत्तर वाचताना आधी प्रश्न वाचतो.

पुढं काय केलं तेही सांगतो, कारण काम खरं तिथंच असतं. नाही म्हणून फाईल परत पाठवणं सोपं होतं. मी त्यांना विचारलं की पाणी आलं तेव्हा माल नेला कुठं. तर कुपवाडला मेव्हण्याच्या गोडाऊनला, उंचावर. मग आम्ही दोन्ही जागांची मिळून फ्लोटर पॉलिसी केली, म्हणजे एकच विमा रक्कम दोन्ही गोडाऊनांवर लागू, माल इकडं असो नाहीतर तिकडं. नाहीतर काय होतं, पाण्याच्या भीतीनं माल हलवायचा आणि नव्या जागेत आग लागली तर पॉलिसीवर तो पत्ताच नाही. शिवाय खाली अडीच फुटांचा ओटा बांधायचा आणि पावसाळ्यात खालच्या थरात माल ठेवायचा नाही, हे ठरवलं आणि तपासणीच्या अहवालात लिहिलं. फाईल मंजूर झाली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, जिथं इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५ फूट आहे. त्या ओट्याचा काही उपयोग झाला नाही, पाणी त्याच्याही कितीतरी वर होतं. पण बहुतेक माल कुपवाडला पोचला होता. राहिलेल्या पोत्यांचा क्लेम वादाशिवाय मिळाला, असं मला नंतर शाखेतून कळलं. २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा त्यांनी माल आणखी लवकर हलवला.

माझी एक चूकही तुमच्यापुढं ठेवतो, कारण ती तुमच्या हातून होऊ नये असं मला फार वाटतं. त्याआधीची गोष्ट, मी तेव्हा कामाला नवा होतो. तासगावच्या बाजूचं एक कोल्ड स्टोरेज, बेदाण्याचं. बँकेचं पत्र आलं, प्रपोजल आलं, मी जागा न बघता पॉलिसी दिली. वर्णनात लिहिलं, ‘बेदाण्याचा साठा’. दुरुस्तीसाठी वेल्डिंग चालू असताना ठिणगी थर्मोकोलच्या इन्सुलेशनवर पडली आणि एक चेंबर गेलं. सर्व्हेअरनं रजिस्टर उघडलं तेव्हा कळलं की आतला मोठा भाग मालकाचा नव्हताच. बागायतदारांनी ठेवलेला होता, प्रत्येकाच्या हातात पावती. पॉलिसीत दुसऱ्याचा, विश्वासानं किंवा कमिशनवर ठेवलेला माल मुद्दाम नमूद केला नसेल तर तो धरला जात नाही. मी तो एक शब्दसमूह लिहिला नव्हता. मी विचारलंच नव्हतं की माल कुणाचा.

दुसऱ्या आठवड्यात एक शेतकरी शाखेत आले. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेली पावती होती, १५ किलोचे किती बॉक्स ते त्यावर निळ्या शाईनं लिहिलेलं. त्यांनी ती माझ्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, ‘साहेब, विमा होता म्हणतात, मग माझा माल त्यात नव्हता होय?’ कंपनीनं मालकाच्या स्वतःच्या मालापुरता दावा दिला आणि मालकानं बागायतदारांचे पैसे पुढच्या काही हंगामांत थोडे थोडे करून फेडले. त्या शेतकऱ्याचा चेहरा मी विसरलेलो नाही. हल्ली कुठलीही साठ्याची फाईल आली की माझा पहिला प्रश्न हाच असतो: माल कुणाचा आणि पावती कुणाच्या नावाची. सांगलीच्या मार्केट यार्डात अडतीचा धंदा आहे, तासगाव-मिरजेच्या पट्ट्यात कोल्ड स्टोरेजं आहेत, दोन्हीकडं दुसऱ्याचा माल आपल्या छपराखाली असतो. हा प्रश्न इथं शिकलात तर कुठल्याही शहरात उपयोगी पडेल.

त्यालाच जोडून बँकेचं बघा. आपल्याकडं बऱ्याच पॉलिसी बँकेनं सांगितलं म्हणून निघतात. कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावरचं कर्ज, पन्नास लाखांचं, म्हणून विमा पन्नास लाखांचा. पण गोडाऊनमध्ये हंगामात माल ऐंशी लाखांचा असतो. सोळा लाखांचं नुकसान झालं तर पार्टीला वाटतं, पन्नासाच्या आतलं आहे, पूर्ण मिळणार. मिळतात दहा लाख, कारण ऐंशीला पन्नास या प्रमाणातच दावा बसतो. १ एप्रिल २०२१ पासून एका ठिकाणची मालमत्ता पाच कोटींपर्यंत असेल तर भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा आणि पाच ते पन्नास कोटींपर्यंत भारत लघु उद्यम सुरक्षा अशा ठरावीक नमुन्याच्या फायर पॉलिसी लागू झाल्या. त्यात कमी विम्याची पंधरा टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे. पण वरच्या उदाहरणात तूट साडेसदतीस टक्क्यांची आहे, तिथं ही माफी कामाला येत नाही. बेदाणा उन्हाळ्यात भरतो आणि पुढं महिन्यामहिन्यानं उतरतो, हळदीची आवकही उन्हाळ्यातच जोरात असते आणि पूर येतो आषाढ-श्रावणात, जेव्हा गोडाऊनं भरलेली असतात. विमा रक्कम ठरवताना बँकेच्या पत्रापेक्षा हे कॅलेंडर जास्त खरं सांगतं. ब्रोकरच्या खुर्चीवर बसून तुम्ही हे आजही पार्टीला सांगू शकता, त्यासाठी पॉवर लागत नाही.

आतापर्यंत जे सांगितलं ते माझ्या रोजच्या वापरातल्या तीन प्रश्नांत बसतं. इथं काय जळेल, भिजेल किंवा मोडेल? एकाच वेळी जास्तीत जास्त किती जाईल? आणि गेलं तर ते कुणाचं गेलं? बाकी सगळं या तिन्हींची फोड आहे. पहिल्यासाठी मी चार बाजूंनी बघतो: बांधकाम, आत चालणारं काम, आग विझवायची साधनं आणि शेजार. शेजाराकडं नवीन माणसाचं लक्ष जात नाही. विट्यात किंवा माधवनगरला यंत्रमागाचं युनिट कितीही टापटीप असू दे, भिंतीला भिंत लावून पलीकडं गादीचं दुकान असेल तर आग भिंत विचारत नाही. दुसऱ्या प्रश्नाला आम्ही पीएमएल म्हणतो, म्हणजे प्रॉबेबल मॅक्सिमम लॉस. दोन गोडाऊनांमध्ये चाळीस फुटांचा मोकळा रस्ता असेल तर एका आगीत एकच जाईल असं धरता येतं. दोघांवर एकच पत्रा असेल तर कागदावर दोन असली तरी ती एकच जोखीम आहे. साखर कारखान्याच्या आवारात बगॅसचे, म्हणजे उसाच्या चोथ्याचे ढीग कुठं लावलेत, ढिगाढिगांत अंतर किती, ते बघितल्याशिवाय तिथला आकडा कुणी लिहू नये.

आता तुम्ही काय करावं. ब्रोकरकडं आहात हे तुमच्या फायद्याचं आहे. मोटर-हेल्थचं काम संभाळून मालकांना सांगा की फायरच्या कोटेशनची फाईल मला बनवू द्या. कंपन्यांना पाठवायची माहिती गोळा करणं, आलेल्या दरांचा तुलनेचा तक्ता करणं, हे काम ब्रोकरच्या ऑफिसात कुणाला फारसं आवडत नाही, त्यामुळं मागितलं तर मिळतं. त्यात एक सवय लावून घ्या. कंपनीनं एखादी फाईल नाकारली किंवा जादा अट घातली, तर तिकडच्या अंडररायटरला फोन करून नम्रपणे कारण विचारा आणि वहीत लिहा. आम्हाला असे फोन क्वचित येतात. मी स्वतः दोन मुलांना पुण्याला घेतलं ते त्यांचे असे फोन लक्षात राहिले म्हणून.

दुसरं, क्लेमच्या जागी जा. तुमच्या पार्टीचं नुकसान झालं की सर्व्हेअर येतो तेव्हा त्याच्याबरोबर उभं राहायची परवानगी मागा. मध्ये बोलू नका, फक्त तो काय विचारतो ते ऐका. स्टॉक रजिस्टर, खरेदीची बिलं, बँकेला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट, आणि या तिन्हींचे आकडे जुळत नाहीत तेव्हा तो काय करतो ते बघा. सहा महिन्यांत पाच क्लेम बघितलेत तर प्रपोजल फॉर्म तुम्हाला वेगळाच दिसायला लागेल. तुम्ही बी.कॉम. आहात, ताळेबंद वाचता येतो, हा भाग तुम्हाला इंजिनिअर मुलांपेक्षा लवकर येईल. मशिनरीचं मात्र विचारत विचारत शिकावं लागेल. कुपवाड किंवा पलूसच्या एमआयडीसीतल्या कुठल्याही मेंटेनन्स फोरमनला चहा पाजून विचारा की तुमच्याकडं काय वारंवार बिघडतं. माणसं आनंदानं सांगतात.

परीक्षांबद्दल. भारतीय विमा संस्थेच्या, म्हणजे इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाच्या परीक्षा द्या: लायसेन्शिएट, असोसिएट, फेलोशिप अशा तीन पायऱ्या आहेत. नोकरी करत देता येतात आणि खर्च आवाक्यातला आहे. सुरुवात आयसी-०१ आणि आयसी-११ या पेपरांपासून करा. असोसिएटला जाताना फायरचा आयसी-५७ आणि अंडररायटिंगचा आयसी-४५ हे दोन पेपर नुसते पास व्हायला वाचू नका. फायर पॉलिसीचं छापील वर्डिंग शेजारी ठेवून वाचा, प्रत्येक अपवादापुढं आपल्या भागातलं एक उदाहरण लिहा. साध्या एमबीएनं या कामात फरक पडलेला मी पाहिला नाही. शिकायचंच असेल आणि घरची परिस्थिती साथ देत असेल तर पुण्याच्या बालेवाडीतल्या नॅशनल इन्शुरन्स अकॅडमीचा दोन वर्षांचा कोर्स बघा, तो याच क्षेत्रासाठी आहे. सरकारी विमा कंपन्यांच्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह ऑफिसरच्या परीक्षेचाही फॉर्म भरा. वयोमर्यादा साधारण २१ ते ३० असते, म्हणजे तुमच्याकडं वेळ आहे, पण भरती दरवर्षी ठरल्याप्रमाणं निघत नाही, म्हणून फक्त त्या एकाच भरवशावर थांबू नका.

पुण्या-मुंबईला जावं लागेल का? कधीतरी, होय. सांगलीसारख्या शाखेची पॉवर मर्यादित असते, मोठी फाईल वर जाते. ती फाईल जिथं पोचते त्या टेबलाजवळ तीन-चार वर्षं बसल्याशिवाय रीइन्शुरन्स, मोठे कारखाने, प्रोजेक्ट पॉलिसी हे समजत नाही. पण लगेच जायची घाई करू नका, असं माझं ठाम मत आहे. थेट मुंबईच्या टेबलावर बसलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत. त्यांना एक्सेलमध्ये सगळं येतं, पण ओल्या हळदीचा वास माहीत नसतो. तुम्ही इथं आणखी दीड-दोन वर्षं वर सांगितल्याप्रमाणं काढा आणि मग जा. जाताना बघितलेल्या दहा-बारा जागांची प्रत्येकी एक पानाची टिपणं बरोबर न्या. पार्टीचं नाव-पत्ता काढून टाका, बाकी काय दिसलं, काय विचारलं, तुम्ही काय ठरवलं असतं आणि का, एवढं लिहा. मुलाखतीत कुणी असली टिपणं माझ्यापुढं ठेवली तर मी डिग्री नंतर विचारतो.

कॉम्प्युटरचं म्हणाल तर दुकानांच्या, छोट्या युनिटच्या पॉलिसी आज माणसाच्या हातातून जातच नाहीत, माहिती भरली की दर येतो. ते वाढत जाणार आणि त्यात वाईट काही नाही. माणसाकडं येते ती फॉर्ममध्ये न बसणारी फाईल. सिस्टिमला पिनकोड कळतो, शटरवरची रेघ कळत नाही. तुम्ही फक्त माहिती भरणारे राहिलात तर धास्ती खरी आहे. जागा बघून लिहिणारे झालात तर येणारी वर्षं तुमची आहेत.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून पक्की ठेवा. २०१९ ला पाणी चाळीस फुटांच्या पुढं सरकलं तेव्हा ओळखीच्या लोकांचे फोन आले, ‘आजच्या तारखेत पॉलिसी करून द्या, चेक संध्याकाळी पाठवतो.’ शाळेतले मित्र होते त्यात. १९३८ च्या विमा कायद्याचं कलम ६४ व्हीबी सांगतं की प्रीमियम हातात आल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. आणि पाणी दारात येताना दिसत असताना घेतलेली जोखीम ही जोखीमच नसते. मी नाही म्हटलं. काही जण अजून माझ्याशी बोलत नाहीत, त्याचं वाईट वाटतं. पण त्याच आठवड्यात ज्यांनी वर्षानुवर्षं प्रीमियम भरला होता त्यांचे क्लेम त्याच पैशातून जाणार होते, आणि मी त्यांच्या वतीनं त्या खुर्चीवर होतो. असा फोन तुम्हाला नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत नक्की येईल, बहुधा जवळच्याच माणसाचा. उत्तर आधीच ठरवून ठेवा.

वडिलांचा मुद्दा मी हलका मानत नाही. बँकेची नोकरी स्थिर असते, आणि चोविसाव्या वर्षी मुलाचं काय होणार ही काळजी बापाला असणारच. त्यांना असं सांगून बघा: ॲडमिनिस्ट्रेटिव्ह ऑफिसरच्या परीक्षेचा बराचसा अभ्यास बँकेच्या परीक्षेसारखाच असतो, दोन्ही फॉर्म भरता येतात. लायसेन्शिएटचे पेपर त्याबरोबर होतात. समजा बँकेत लागलात आणि कर्जाच्या टेबलावर बसलात, तरी स्टॉक स्टेटमेंट आणि तारण माल तपासायचं जे काम तिथं कराल ते आमच्या कामाचंच भावंड आहे. शक्य असेल तर येत्या उन्हाळ्यात, बेदाणा भरायच्या दिवसांत, त्यांना बरोबर घेऊन एखादं कोल्ड स्टोरेज बघायला जा. जायच्या आधी मालकाला फोन करून परवानगी घ्या, आणि आत शिरल्यावर आधी भिंतीचं इन्सुलेशन कशाचं आहे ते विचारा.